झाकण वेगळं गुंडाळ

४ जानेवारी

धाकटीस,

पत्र लिहायचं कारण एकच. बाबांचा संग्रह घ्यायला संग्रहालय तयार आहे, पण निळ्या ढगांच्या चिनी बरण्यांची जोडी पुरी असेल तरच. एक बरणी माझ्याकडे आहे, दुसरी तुझ्याकडे. घोडं तिथे अडलं आहे. एरवी मी लिहिलं नसतं आणि तूही वाट पाहत बसलेली नाहीस, हे दोघींना माहीत आहे.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो आणि चौथं ऐकायला कुणी थांबत नाही. पत्र निदान पुरं वाचावं लागतं.

हे घर मी सोडते आहे. तिसऱ्या मजल्यापुढे माझ्या गुडघ्यांनी हात टेकले. नवी जागा तळमजल्यावर आहे, दोन खोल्या, भरपूर उजेड. बाबांची कपाटं तिथे मावणार नाहीत, आणि संग्रह विकायचा नाही हे मी ठरवलं आहे. एक दलाल न बोलावता येऊन गेला. प्रत्येक भांडं उलटं करून तळाचा शिक्का बघत होता. आई असती तर म्हणाली असती, "मला उलटं करून बघू नका, माझ्या तळाला शिक्का नाही." बाबांना ती हेच ऐकवायची. जुन्या अंगरख्याच्या पाठीचा भरतकामाचा चौकोन पाहून या गृहस्थांनी विचारलं, छातीवरचा कुठे आहे. म्हटलं, धाकट्या बहिणीकडे. तर म्हणे, "तो दोन तुकड्यांचा असेल ना? फाटका बरोबर तिला दिलात." त्याला मी उभ्या उभ्या शिकवलं की चिनी दरबारातला अधिकारी जो अंगरखा घालायचा तो पुढून उघडायचा. म्हणून पाठीवरचा चौकोन अखंड आणि छातीवरचा मुळातच दोन भागांत. प्रत्येक भागाला आपापला शिवलेला काठ असतो, आणि अंगरखा मिटला की सारस पक्षी पुरा होतो. एवढं सांगून त्याला जिना दाखवला.

संग्रहालयाच्या बाई मात्र कामाच्या आहेत. आल्या, अंगठ्या काढून पर्समध्ये ठेवल्या, हात धुतले, आणि मगच कपाट उघडायला सांगितलं. मला तिथेच पटल्या. त्यांचं म्हणणं असं, की एकेकट्या बरण्या त्यांच्या तळघरात पुष्कळ पडून आहेत. एकाच हाताने रंगवलेली झाकणांसकट जोडी मात्र एकही नाही. ती मिळाली तर पूर्वेच्या खोलीत स्वतंत्र काचेचं कपाट, त्यावर आई-बाबांच्या नावाची पाटी, आणि बाकीचा संग्रह त्याच कपाटात. नाही मिळाली तर सगळं तळघरात. आईचं नाव पाटीवर हवं ही अट माझी होती, जोडीची त्यांची. बाबांनी आयुष्यभर लोकांचे दात काढून जे जमवलं ते तळघरात जावं असं तुलाही वाटणार नाही. निदान एवढ्यापुरतं आपलं एकमत आहे असं धरून चालते.

तर बरणी पाठव. बाबांचा नियम तुला सांगायला नको, तरी सांगते. झाकण बरणीवर ठेवून बरणी हलवायची नाही. झाकण वेगळं गुंडाळ, बरणी वेगळी. आत काही भरून ठेवलं असशील तर काढ. छातीच्या चौकोनाचे दोन्ही भागही पाठव. सपाट ठेव, घडी नको. पडद्यांच्या दुकानाच्या मालकिणीला कापडाचं शिकवत नाही.

माझ्याकडच्या बरणीची प्रकृती उत्तम आहे.

वाटणीच्या दिवशी जे बोलणं झालं ते मी विसरले नाही, तूही विसरली नसशील. तो विषय या पत्रात नाही.

ताई


२१ जानेवारी

धाकटीस,

तुझं पत्र मिळालं. अक्षर अजून तसंच, ओळ वर चढत जाते.

तू मला बरंच काही म्हणाली आहेस. "ताई, तू माणूस नाहीस, कपाट आहेस. आत सगळं जागच्या जागी आणि बाहेर कुलूप." हे तू वाटणीच्या दिवशीही म्हणाली होतीस. इतक्या वर्षांत नवीन काही सुचायला हरकत नव्हती. मीही त्या दिवशी म्हणाले होते की जोडी फोडू नका, जे आहे ते एका घरात राहू द्या, तू नेलंस तर बाबांच्या रेशमाचे पडदे करशील. जोडी फोडायची नव्हती, हे मी आजही म्हणते. पडद्यांचं दुकान तू नंतर काढलंस ते मला चिडवायला काढलंस अशी माझी समजूत होती. दुकान चांगलं चालतं असं कानावर येतं.

मुद्द्याची गोष्ट तुझ्या शेवटच्या पानावर आहे. तू लिहितेस, "कोणत्या तोंडाने बरणी मागतेस? चांगलं झाकण स्वतःकडे ठेवलंस आणि मला दुसऱ्याच कुठल्या तरी भांड्याचं गळ्यात मारलंस. दुपारी दुकानासमोरून गाडी गेली की ते माझ्यासमोर डुगडुगतं, आणि मला दर वेळी तू आठवतेस."

हे वाचून मी खुर्चीतून उठले आणि माझी बरणी खाली काढली.

आता नीट ऐक. माझंही झाकण डुगडुगतं.

मागच्या पत्रात प्रकृती उत्तम असं लिहिलं ते बरणीबद्दल होतं. झाकणाबद्दल मी काही लिहिलं नव्हतं. वाटणीनंतर पहिल्यांदा लावलं तेव्हाच ते हललं. बाबा असताना झाकणाला हात लावायची आपल्याला मुभा नव्हती, ते लावायचे तेव्हा ते बसायचं. मला वाटलं, युक्ती त्यांच्या हातात होती, ती हाताबरोबर गेली. मी जुन्या कोटाच्या कापडाची एक गोल कडी कापली, आत बसवली आणि विषय संपवला. कुणी विचारलंच तर झिलईला ओरखडा येऊ नये म्हणून, असं सांगायचं. संग्रहालयाच्या बाईंनी ती कडी पहिल्याच भेटीत दोन बोटांनी काढून बाजूला ठेवली, झाकण फिरवून पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना पाणी हवं का विचारलं.

तुझं पत्र येईपर्यंत माझी खात्री होती की बाबांना बरणी विकणाऱ्यानेच फसवलं आणि ते झाकून ठेवणं माझं काम आहे. तुझी खात्री होती की मी फसवलं. दोघींचीही खात्री पक्की, आणि झाकणं दोन्हीही हलणारी. म्हणजे काय झालं ते उघड आहे.

तो दिवस डोळ्यांसमोर आण. कुठलीही साधी माणसं असती तर त्यांनी बरणी झाकणासकट उचलली असती, काखोटीला मारली असती आणि घरी नेली असती. त्यांचं काही बिघडलं नसतं. आपण बाबांच्या मुली. आपण आधी झाकणं काढली. प्रत्येक झाकण मऊ कापडात वेगळं गुंडाळलं. झाकणं टोपीच्या खोक्यात, बरण्या पेंढा भरलेल्या पेटीत. दोन्ही झाकणांवर तेच ढग, तीच निळाई. मग तू एक बरणी घेतलीस आणि एक पुडकं घेतलंस, उरलेलं मी. तोपर्यंत आपलं बोलणं बंद झालं होतं. नाहीतर एकीने तरी म्हटलं असतं, थांब, लावून बघ. आपण इतकी काळजी घेतली म्हणूनच ही चूक झाली. निष्काळजी माणसांच्या हातून ती होऊच शकली नसती.

बाबा सांगायचे ते आठवतं का? भट्टीत प्रत्येक भांडं आपल्या मनाने आकसतं. म्हणून झाकण फक्त आपल्याच बरणीवर बसतं, आणि तिथेही एकाच जागी. सावकाश फिरवायचं, जागा सापडली की ते खाली जातं. वरचे दात खालच्या दातांवर बसतात तसं. रोग्याला म्हणायचे तेच बरणीला म्हणायचे. "चावा बसला."

माझा हा अंदाज आहे, आणि माझे अंदाज सहसा चुकत नाहीत, तरी पुरावा हवा. झाकण पाठव. नुसतं झाकण. बरणी तुझ्याकडेच राहू दे. माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणत नाही. एका डुगडुगत्या झाकणाची जोखीम तुला परवडेल.

बरणीत तू बटणं ठेवतेस हे वाचलं. बटणं. बरं.

छातीच्या चौकोनाबद्दल तू लिहिलंस की तो मागू नकोस, तेवढं एकच माझं आहे. वाचलं. त्यावर नंतर लिहीन.

ताई


७ फेब्रुवारी

किडा,

बाबा तुला रेशमाचा किडा म्हणायचे, तेच लिहिते. "धाकटीस" हे मला स्वतःलाच वकिलाच्या नोटिशीसारखं वाचायला लागलं.

झाकण पोचलं. सुखरूप. कापूस घालून शिवलेली, आतून मखमल लावलेली, तोंडाला दोरी असलेली गोल पिशवी तू एका झाकणासाठी केलीस. बाबा अशा वस्तू जुन्या सदऱ्यात गुंडाळायचे. मी पिशवी उलटी करून आतली शिवणही पाहिली. चांगली आहे.

मग जेवणाच्या टेबलावर जाड चादर अंथरली, बरणी मधोमध ठेवली, कापडाची कडी केराच्या टोपलीत टाकली आणि तुझं झाकण लावलं.

ते हललं.

पाव फेरा फिरवला, हललं. अर्धा फिरवला, हललं. तुला लिहायचं पुढचं पत्र मी मनात सुरूही केलं होतं, आणि ते सभ्य नव्हतं. आणखी थोडं फिरवलं आणि ते खाली गेलं. आवाज असा झालाच नाही. नुसतं हाताखालचं हलणं थांबलं. बाबांचा दात तपासायचा लहान आरसा घेऊन मी सांध्याभोवती सगळीकडे पाहिलं. कुठेही फट नाही. बरणीवरचा एक ढग गळ्यापाशी अर्धा तुटलेला आहे ना, तो झाकणावरच्या अर्ध्या ढगाला जाऊन मिळतो. इतकी वर्षं मी समजत होते की रंगवणाऱ्याचा ब्रश तिथे अडखळला.

मी आत जाऊन पाणी प्यायले. परत येऊन पुन्हा हलवून पाहिलं. बसलेलंच होतं.

त्याच आठवड्यात संग्रहालयाच्या बाई आल्या. त्यांनी झाकणावर तळवा ठेवला, काही क्षण तसाच राहू दिला, आणि म्हणाल्या, "हे आता या बरणीचं आहे. आणि जे निघालं ते?"

"ते बहिणीच्या बरणीचं. तिच्याकडे जाईल."

"जाऊ देऊ नका," त्या म्हणाल्या. "बरणी हातात येईपर्यंत ठेवून घ्या. ती पुरी झाली की कोण सोडेल?"

सल्ला व्यवहाराचा होता. मी त्यांना म्हटलं, आमच्या घरात माणसं अडून बसतात, झाकणं अडवून ठेवत नाहीत.

तर इतकी वर्षं माझ्या बरणीवर असलेलं तुझं झाकण सोबत आहे, तुझ्याच पिशवीत. लावून बघ. घाई करू नकोस, तुला घाई असते. सावकाश फिरव. बसलं की बरणी द्यायची की ठेवायची ते तू ठरव. ठेवलीस तर मी एका शब्दाने बोलणार नाही, आणि हे मी लिहून देते आहे. बाकीचं मग तळघरात जाईल. अधूनमधून मी खाली जाऊन बघून येईन. उतरायला गुडघ्यांची तक्रार नसते. वर कसं यायचं ते तेव्हाचं तेव्हा पाहू.

आणखी एक काम. रेशमाला उजेड सोसत नाही. कपाट झालं तर काचेवर पडदा लागेल, बघणाऱ्याने बाजूला सारायचा आणि बघून झालं की सोडायचा. संग्रहालय तो बाहेरून शिवून घेणार होतं. मी सांगितलं, पडदा आमच्याकडून येईल, घरात माणूस आहे. माप वेगळ्या कागदावर दिलं आहे. अस्तर काळं, दोरी डावीकडे. शिलाईचं बिल मला पाठव, त्यांना नको. ते वेळेवर देणाऱ्यांतले वाटत नाहीत. पण बरणीचं ठरल्याशिवाय कापड कापू नकोस.

ताई


१९ फेब्रुवारी

किडा,

कार्ड मिळालं. "चावा बसला. येते." आणखी चार शब्द लिहिले असतेस तरी पोस्टाने तेवढेच पैसे घेतले असते.

ये. सकाळच्या गाडीने ये म्हणजे उजेडात पोचशील. दुसऱ्या मजल्यावर जिन्याच्या वळणाला खुर्ची ठेवते. बरणी घेऊन आधी तिथे बस, मग वर ये. तुझी खोली आता पुठ्ठ्याच्या खोक्यांनी भरली आहे, पलंगापुरती जागा करते.

झाकण वेगळं गुंडाळ.

ताई


१२ मार्च

किडा,

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी संग्रहालयाची माणसं आली. काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

त्याआधी एक गोष्ट. तू झाकण बरणीवरच ठेवून, वरून रिबीन बांधून, बरणी मांडीवर घेऊन एवढा प्रवास केलास, आणि खुर्चीवर न बसता तीन मजले चढलीस. आता लिहिते म्हणजे नोंद राहील. बाबांना घेरी आली असती. "यांना परत वेगळं करायचा धीर झाला नाही" असं तू म्हणालीस, तेही नोंदीत ठेवते.

बाईंबरोबर दोन माणसं होती, दोघंही हलक्या हाताची. बरण्या आधी. दोन्ही झाकणं काढली, वेगवेगळी गुंडाळली, आणि या वेळी प्रत्येक पुडकं आपापल्या बरणीच्या पेटीतच गेलं. मी समोर उभी राहून पाहिलं. तुझ्या बरणीत बाईंनी बाबांचा आरसा घालून तळ पाहिला तेव्हा तिथे एक बटण निघालं. शिंपल्याचं, चार भोकांचं. त्यांना वाटलं, काहीतरी जुनं असेल. मी म्हटलं, जुनं नाही, दुकानातलं आहे.

मग तुझा पडदा. बाईंनी तो उजेडात धरला, अस्तर चिमटीत घेऊन पाहिलं, उलटा केला, सुलटा केला. शिक्का कुठेच सापडला नाही. "कुणी केला?" म्हणून विचारलं. सांगितलं. त्यांच्याकडे आणखी तीन कपाटांना पडदे हवे आहेत. तुझा पत्ता दिला आहे. भाव तू सांग, पण पहिल्यांदा सांगशील त्यावर ठाम राहा.

शेवटी टेबलावर राहिले ते रेशमाचे चौकोन. पाठीचा अखंड, आणि त्याच्या शेजारी छातीच्या चौकोनाचे दोन भाग, तू ठेवून गेलीस तसेच. "दे त्यांना, पुरं होऊ दे" असं म्हणालीस आणि चपला शोधायच्या निमित्ताने पाठ फिरवलीस. चपला तुझ्या पायाशीच होत्या. मला जवळचं वाचायला चष्मा लागतो, बाकी सगळं दिसतं.

तुझ्या लक्षात आहे का माहीत नाही. बाबा दवाखान्यात असले की तू हे दोन भाग छातीशी धरून सगळ्या खोल्यांतून अधिकारी म्हणून फिरायचीस आणि मला पुढे वाट मोकळी करायला लावायचीस. "हवालदार, दार." "हवालदार, खुर्ची." आईने ते ऐकलं आणि मला नाव पडलं. बाबांनी एकदा पकडलं तेव्हा मी सांगितलं की कपाटातून मी काढले. तू काही बोलली नव्हतीस, आणि मीही नंतर कधी विषय काढला नाही.

तर मी पाठीचा चौकोन बाईंच्या हातात दिला आणि पुढचे दोन्ही भाग माझ्याकडे ओढून घेतले.

"आणि हे?" त्यांनी विचारलं.

"हे देत नाही."

त्या म्हणाल्या, "जोडी फोडायची नसते, हे तुम्हीच मला चार वेळा ऐकवलंत."

"बरणीला झाकण लागतं," मी म्हटलं. "अंगरखा उघडावा लागतो."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, त्या दलालाकडे मी पाहिलं होतं तसं, जिना दाखवतील की काय असं वाटलं. पण त्या समजूतदार आहेत. पाठ एकटी लावली तरी चालेल, म्हणाल्या, पाटीवर तसं लिहू. मग कागद पुढे केला आणि मी सांगितलं तसं लिहून घेतलं.

सोबतच्या सपाट पुठ्ठ्यात डावा भाग आहे, सारसाच्या चोचीचा. तुझ्या टेबलासमोर लाव, पण खिडकीच्या समोरच्या भिंतीवर नको. पंखाचा उजवा भाग मी नव्या घरी नेते आहे. दोन्ही एकत्र बघावेसे वाटले तर तुझा घेऊन ये. तळमजला आहे.

बाबांचा आरसा मी ठेवला आहे. हवा असेल तर माग. लगेच देईन असं नाही.

नोंदीची प्रत खाली उतरवून देते. मूळ कागदावर माझी सही झाली आहे, तुझी बाकी आहे. उद्घाटनाला येशील तेव्हा कर.

हवालदार

सुपूर्द केलेल्या वस्तूंची नोंद

देणार: दंतवैद्य व त्यांच्या पत्नी यांच्या दोघी मुली. घेणार: संग्रहालय, पूर्वेची खोली.

निळ्या ढगांच्या चिनी बरण्या, जोडी. झाकणं दोन, आपापल्या बरणीवर बसवून व तपासून घेतली. एका बरणीच्या गळ्याशी केसाएवढा जुना तडा. बाकी स्थिती उत्तम.

दुसऱ्या बरणीत शिंपल्याचं बटण मिळालं. थोरल्या मुलीकडे परत दिलं.

पांढऱ्या झिलईच्या वाट्या व बशा, यादी मागील पानावर. एका बशीचा काठ दंतवैद्यांनी स्वतः दातांच्या सिमेंटने सांधलेला आहे. तो तसाच ठेवावा, ही देणाऱ्यांची अट.

अधिकाऱ्याच्या अंगरख्याचा पाठीवरचा चौकोन, सारस पक्षी, रेशमी भरतकाम. अखंड.

कपाटाचा पडदा, काळं अस्तर, दोरी डावीकडे. धाकट्या मुलीने शिवलेला. हा संग्रहाचा भाग मानावा.

त्याच अंगरख्याचा छातीवरचा चौकोन, दोन भाग. संग्रहालयाला दिला नाही. डावा धाकट्या मुलीकडे, उजवा थोरल्या मुलीकडे. फाटलेला नाही, उघडता यावा म्हणून मुळातच तसा केलेला आहे.